चकतीतून दिसणारा मेंढा

टार्निट स्टेशनाकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक जुनं गमट्री, म्हणजे निलगिरीच्या जातीचं झाड, आहे. आमची वसाहत उभी राहिली तेव्हा सगळं रान सपाट केलं, हे एकच झाड कसं कोण जाणे वाचलं. सप्टेंबर, म्हणजे इथला वसंत, लागला की त्यावरची मॅगपाय कामाला लागते. कावळ्याएवढा काळा-पांढरा पक्षी. घरट्यात पिल्लं असली की खालून जाणारा प्रत्येकजण तिला चोर वाटतो, आणि ती मागून येऊन टाळक्यात चोच मारते. लोक कोरड्या दिवशी छत्र्या उघडून जातात. एकेका कंपनीत शंभर माणसांवर हुकूम चालवणारे साहेब समोरच्या फुटपाथवरून वळसा घालतात. आज सकाळी तिने माझ्या कानाला वारा घातला. मी थांबले, वर बघितलं आणि म्हटलं, आली गं बाई तुझी वेळ. म्हणजे माझीही आली.

कारण मॅगपाय झडपा घालायला लागल्या की बॅकस मार्श गावाच्या पलीकडे, आमच्या रेंजवर, लिव्हर रायफलची वसंतातली मॅच जवळ येते. हो, रायफल. मी मूळची नाशिकची, पन्नाशी ओलांडलेली, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरणारी आणि केकसुद्धा अंडं नाही ना हे विचारून खाणारी बाई आहे. आणि मी रायफल चालवते. ज्यांना हे वाक्य एका दमात वाचवत नाही त्यांनी दोन दमांत वाचावं.

या मॅचमध्ये मारायचे असतात ते लोखंडी प्राणी. जाड पत्र्याच्या कोंबड्या, त्यांच्या मागे डुकरं, त्यांच्या मागे टर्की आणि पार शेवटी, टेकाडाच्या पायथ्याशी, मेंढे. उभं राहून, कशाचा टेका न घेता नेम धरायचा. गोळी लागली की टण्ण आवाज येतो आणि प्राणी मागे पडतो. मग आपणच चालत जाऊन त्यांना पुन्हा उभं करायचं. इतकी अहिंसक शिकार जगात दुसरी नसेल. माझा नवरा शिरीष मात्र मंडळाच्या कोजागिरीला, सगळ्या बायका दुधाचे पेले घेऊन बसल्या असताना, मुद्दाम मोठ्याने विचारतो, "काय गं, आज किती कोंबड्या मारल्यास?" मीही सांगते, "तीन. आणि एक डुक्कर." त्यावर जी शांतता पसरते तिची मला आता गोडी लागली आहे.

"पण घरात बंदूक? आपल्यात?" असं एकीने विचारलं होतं. आपल्यात म्हणजे कुणात, ते तिने सांगितलं नाही. लायसन्स आहे, भिंतीला बोल्ट केलेली तिजोरी आहे, काडतुसांचं कुलूप वेगळं आहे. हे सगळं मी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा म्हटलं, अगं, तू पस्तीस माणसांसाठी उकळत्या तेलात वडे तळतेस, त्याची मला जास्त भीती वाटते.

कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पला पहिल्यांदा रायफल हातात आली. जमिनीवर पोट टेकून, कोपराला खडे टोचत असताना, समोरच्या कागदावर मी पाच भोकं पाडली आणि ती पाचही एका रुपयाखाली झाकली गेली. त्या दिवशी मला कळलं की मला एक गोष्ट येते. अभ्यास येणं, पोळ्या येणं हे निराळं, ते सगळ्यांना यावंच लागतं. ही गोष्ट कुणी माझ्याकडून मागितली नव्हती. मग लग्न, पुण्यातली नोकरी, सईचा जन्म, व्हिसा, घराचे हप्ते. मध्ये पंचवीस-तीस वर्षं गेली, आणि एका शनिवारी ऑफिसच्या टीमची सहल रेंजवर गेली. बाकीचे खिदळत होते. मी रायफल खांद्याला लावली आणि हात आपोआप जागच्या जागी गेले. सोमवारी मी क्लबचा फॉर्म मागवला.

माझी रायफल माझ्याहून वयाने मोठी आहे. एका शेतकऱ्याने शेत विकून गावात राहायला जाताना दुकानात दिली होती, तिथून मी घेतली. ट्रिगरच्या खाली लोखंडी कडीसारखा दांडा आहे. तो खाली ओढून वर घेतला की रिकामं काडतूस वरच्या बाजूने उडून जातं आणि नवं आत बसतं. लाकडावर कुणाच्या तरी ट्रकच्या दाराचे ओरखडे आहेत. पोलादाचा काळा मुलामा जिथे हात धरतो तिथे उडून करडा झाला आहे. सई म्हणते, "आई, इट लुक्स टायर्ड." मी म्हणते, ती दमलेली नाही, तिला कुणी विचारलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझे डोळे फितूर झाले.

जुन्या पद्धतीने नेम धरायचा म्हणजे तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या. नळीवर मध्यभागी एक खाच, नळीच्या टोकाला एक बारीक मणी, त्याला आपल्याकडे माशी म्हणतात, आणि लांबवरचा प्राणी. विशीतला डोळा या तिन्हींवर इतक्या चपळाईने फिरतो की तिन्ही एकदम दिसल्यासारखे वाटतात. पन्नाशीतला डोळा हट्टी होतो. त्या हिवाळ्यात माझी खाच लोण्यासारखी वितळायला लागली. चष्मा लावला तर खाच दिसे आणि मेंढे नाहीसे होत. चष्मा काढला तर मेंढे हजर, खाच गायब. मी मान तिरकी करून पाहिली, डोळे बारीक करून पाहिले, चिडून पाहिलं. जुलैतल्या, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यातल्या, एका गारठलेल्या सकाळी मी मोठ्या आत्मविश्वासाने घोडा दाबला आणि टण्ण आवाजही आला. पण पडली ती माझी टर्की नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या माणसाची.

रेंजचा कॅप्टन डेस. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा, गुडघ्यापर्यंत मोजे आणि कडाक्याच्या थंडीतही हाफ पँट. माणूस वाईट नाही. मला पहिल्या दिवशी उभं कसं राहायचं ते त्यानेच दाखवलं होतं. मॅच संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "लव्ह, आता तू ग्लास लावावीस." ग्लास म्हणजे दुर्बीण. दुर्बीणवाल्यांचा गट वेगळा, त्यांची मॅच वेगळी. मी म्हटलं, या रायफलवर दुर्बीण नीट बसत नाही, काडतूस वरून उडतं, आडवा स्टँड लावायचा तर पोलादाला नवी भोकं पाडावी लागतील. मी ते करणार नाही. डेसने मान हलवली आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "नो वरीज. मग स्कोरिंग कर. आम्हाला स्कोरिंगला चांगलं माणूस हवंच असतं. शेवटी सगळ्यांचं तेच होतं."

त्या थोपटण्याने माझं डोकं फिरलं. नुसतं वाईट नाही वाटलं, राग आला. आयुष्यात मला किती जणांनी अशा हलक्या आवाजात बाजूला बसवलं होतं! बाळंतपणानंतर ऑफिसात परत गेले तेव्हा, "तू आता हलकं काम घे." इथे आले तेव्हा, "तुझ्या अनुभवाला इथे ज्युनिअर म्हणतात." प्रत्येक वेळी आवाज गोड आणि हात खांद्यावर. आणि प्रत्येक वेळी मी थँक यू म्हटलं होतं. या खेपेला मी म्हटलं नाही. गाडीत बसले, दार जरा जास्तच जोरात लावलं आणि घरी येईपर्यंत रेडिओ लावला नाही.

घरी काही निराळं नव्हतं. "आई, जस्ट गेट अ स्कोप. व्हॉट्स द बिग डील?" असं सई म्हणाली. शिरीष म्हणाला, "बघ बाई, विकून टाकायची तर हीच वेळ आहे. गराजमध्ये जागा तरी होईल." आमच्या गराजमध्ये आट्याची पोती, गणपतीची आरास, सईचे तीन वर्षांत न वाजलेले ड्रम आणि शिरीषचं अर्धवट उकललेलं इलेक्ट्रॉनिक्स आहे. त्यातलं काही विकायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या रात्री मला आई आठवली. ती नाशिकला आहे, ठणठणीत आहे. आम्ही लहान असताना ती मला घेऊन एसटी स्टँडवर जायची. तिला लांबचं दिसत नसे आणि चार माणसांत ती चष्मा लावत नसे. मग ती तर्जनी दुमडायची, दुमडलेल्या बोटाच्या आत मोहरीएवढं भोक ठेवायची, ते डोळ्याला लावायची आणि गाडीची पाटी वाचायची. सगळं स्टँड बघायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुणीतरी भला माणूस पुढे येई, "वाचून दाखवू का, मावशी?" आई बोट न काढता म्हणायची, "दिसतंय मला." ती कधी चुकली नाही असं मी म्हणणार नाही. एकदा दिंडोरीला जायचं तर आम्ही त्र्यंबकला पोचलो होतो. उतरल्यावर आई म्हणाली, "बरं झालं, दर्शन होईल."

अंथरुणात पडल्या पडल्या मी तर्जनी दुमडली, डोळ्याला लावली आणि उशाजवळच्या दिव्याखालच्या घड्याळाकडे पाहिलं. चष्म्याशिवाय आकडे स्वच्छ दिसले. मी उठून बसले.

जे आईने बोटाने केलं तेच रायफलवर करता येतं, आणि शंभर वर्षांपासून लोक करत आले आहेत. नळीवरची खाच काढून टाकायची. तिच्या जागी, अगदी डोळ्याजवळ, रायफलच्या पोटावर एक छोटी पट्टी बसवायची, पट्टीवर एक चकती, चकतीत भोक. पोट म्हणजे जिथे काडतूस आत-बाहेर जातं तो पोलादी भाग, इथले लोक त्याला रिसीव्हर म्हणतात. आणि मला सर्वांत आवडलं ते असं की त्यासाठी एकही नवं भोक पाडायचं नव्हतं. ज्या कारखान्यात ही रायफल बनली तिथेच रिसीव्हरच्या डाव्या बाजूला आटे असलेली दोन भोकं पाडून, त्यात बारीक बिनडोकी स्क्रू भरून ठेवले होते. इतकी वर्षं ते तिथे होते आणि मला ते नुसते दोन ठिपके वाटायचे. कुणा अनोळखी कारागिराने माझ्या जन्माआधीच गृहीत धरलं होतं की पुढे कधीतरी ही रायफल ज्याच्या हातात असेल त्याचे डोळे म्हातारे होतील, आणि तरीही त्याला नेम धरायचा असेल. डेसला हे सुचलं नव्हतं.

पट्टी पार्सलने आली. एका रविवारी मी गराजमध्ये टेबलावर जुनी गोधडी घातली, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि बसले. नळीवरची खाच पितळी दांड्याने हळूहळू ठोकत आडवी सरकवून काढली. मग ते दोन स्क्रू. पहिला फिरला. दुसरा हलेना. मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्या टोकाला लाल चिखलासारखं काहीतरी लागलं होतं. गंज म्हणावा तर फार लाल. मी बोटावर घेऊन वास घेतला.

कुंकू.

आदल्या दसऱ्याला मी शस्त्रपूजा केली होती. आमच्याकडे दरवर्षी शिरीषचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप आणि गाडी यांची पूजा व्हायची. खरंखुरं शस्त्र घरात आल्यावर मला भरतं आलं. रायफल पाटावर ठेवली, झेंडूचं फूल वाहिलं आणि पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू अनामिकेने रिसीव्हरवर लावलं. कुठे लावावं म्हणून पाहत होते तर दोन ठिपके दिसले. जणू देवानेच जागा आखून दिली होती. एकावर हळद, एकावर कुंकू. सणाचा दिवस, पुसायचं कसं, म्हणून चार दिवस तसंच राहू दिलं. ओलं कुंकू आट्यांत उतरलं आणि वर्षभर आरामात गंजत बसलं. जगात हजारो लोकांच्या रायफलींचे स्क्रू अडकले असतील, पण भक्तीने अडकलेला हा एकच असावा.

मी तेल सोडलं. थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. स्क्रूच्या खाचेची कड झिजायला लागली. आणखी जोर केला असता तर खाच गुळगुळीत झाली असती आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या आठवड्यात ऑफिसात, ट्रेनमध्ये, भाजी निवडताना माझ्या डोळ्यांपुढे तो एकच लाल ठिपका होता. मला भीती वाटत होती, आणि ती स्क्रूची नव्हती. हा निघाला नाही तर मी स्कोरिंगच्या टेबलाशी बसेन, ब्लँकेट मांडीवर घेऊन, आणि पुढच्या वर्षी तिथेही जाणं सोडून देईन, हे मला स्वच्छ दिसत होतं. एनसीसीतली ती मुलगी एकदा तीस वर्षांसाठी गेली होती. आता गेली असती तर परत आली नसती.

शनिवारी शिरीष गराजमध्ये काहीतरी शोधायला आला. माझ्या खांद्यावरून बघत राहिला. मी म्हटलं, "बोलू नकोस." तो म्हणाला, "बोलत नाहीये. गरम करून बघितलंस?" मग त्याने स्वतःच्या पसाऱ्यातून सोल्डरिंग आयर्न काढलं, ज्या पसाऱ्याला मी दहा वर्षं नावं ठेवली होती, आणि त्याचं तापलेलं टोक त्या स्क्रूवर टेकवून धरलं. गराजमध्ये करपलेल्या तेलाचा वास सुटला, त्यात हळदीचा वास आहे असं मला उगाच वाटलं. "आता," तो म्हणाला. मी स्क्रूड्रायव्हर बसवला, अंगठ्याने दाबला आणि फिरवला. कुर्र असा बारीक आवाज झाला आणि मनगट सैल पडलं. मी इतक्या जोरात ओरडले की सई धावत आली. "व्हॉट हॅपन्ड?" शिरीष म्हणाला, "काही नाही. तुझ्या आईचा देव सुटला."

पट्टी बसली. दोन स्क्रू, घट्ट.

चकतीची एक गंमत आहे. तिच्याकडे बघायचं नसतं. पहिल्या दिवशी मी तिच्याकडेच बघत होते, तिचं भोक मध्यभागी आहे ना, कड सारखी आहे ना, आणि गोळ्या मेंढ्यांच्या डोक्यावरून टेकाडात जात होत्या. चकती खाली सरकवली, स्क्रू आवळले, पुन्हा. मग केव्हातरी मी ती काळजी सोडली. चकती धुरासारखी पुसट झाली तर होऊ दिली. भोकातून नुसत्या माशीकडे पाहिलं, आणि डोळ्याने माशीला आपणहून मध्यभागी नेऊन ठेवलं. डोळ्याला मध्य शोधायला शिकवावं लागत नाही. जवळचं धूसर होणं ही काही आपत्ती नाही, हे मला तिथे, पाठीवर ऊन घेत, प्रथम पटलं. सगळे मला जवळचं दाखवत होते, वय, चष्म्याचा नंबर, लोक काय म्हणतील. मला लांबचं बघायचं होतं.

मॅचच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीच्या जातीचा कॅनोला पिवळाधमक फुलला होता. वारा होता. डेसने माझ्या रायफलकडे पाहिलं आणि नावांची यादी वाचायला घेतली. माझ्या कोंबड्या बऱ्या गेल्या. डुकरं त्याहून बरी. टर्की मला नेहमीच छळते, तिने छळलं, पण निदान या खेपेला माझ्याच टर्कीने. मग मेंढे. मी रायफल उचलली आणि डेस मागून, त्याच हलक्या आवाजात म्हणाला, "यू राइट, लव्ह? दिसतायत का?"

"दिसतंय मला," मी म्हणाले. मराठीत. ते माझ्या तोंडून कसं आलं मला कळलंच नाही. चकतीच्या धुरात माशी येऊन बसली, तिच्यावर मेंढा उभा होता, चार पायांवर, शिंगांसकट. वारा क्षणभर पडला. घोडा दाबला. इतक्या लांबून टण्ण आवाज यायला जरा वेळ लागतो. त्या वेळात मेंढा आधी पडतो आणि मग वाजतो.

पाचांतले दोन पडले. तीन उभे राहिले. मी कुणी अर्जुन नाही आणि माझा नंबर यादीच्या मधोमध कुठेतरी आला. पण सगळे माझेच मेंढे होते.

रायफली रिकाम्या करून झाल्या, तेव्हा डेस आला. "बघू का जरा?" मी उघडी, रिकामी रायफल त्याच्या हातात दिली. त्याने ती खांद्याला लावली आणि टेकाडाकडे धरली. बराच वेळ तसाच उभा होता. मला वाटलं, वाऱ्याचा अंदाज घेतोय. मग तो डोळा न काढता म्हणाला, "ब्लडी हेल. त्यांना पाय आहेत."

मला कळायला दोन क्षण लागले. डेसने कित्येक हंगामांत मेंढ्यांचे पाय पाहिलेच नव्हते. नुसता काळा डाग पाहून, सवयीने आणि अब्रूने मारत होता. आणि शेवटी सगळ्यांचं तेच होतं म्हणून सांगत होता.

एक वाक्य मी जुलैपासून जपून ठेवलं होतं. गाडी चालवताना, स्क्रू फिरवताना ते घासूनपुसून लख्ख केलं होतं. त्याचा चेहरा पाहून ते गिळावंसं वाटलं, नाही असं नाही. पण मी आयुष्यात फार वाक्यं गिळली आहेत.

"डेस," मी त्याच्या खांद्यावर थोपटलं, "नो वरीज. तू स्कोरिंग कर."

मागे उभे असलेले सगळे हसत सुटले. डेस लाल झाला, मग तोही हसला, पण उशिरा. मग रायफल परत देत त्याने विचारलं, "ही चकती कुठे मिळते?" मी सांगितलं. आता त्याच्याही रायफलवर ती आहे. त्याचे स्क्रू एका झटक्यात निघाले, कारण बिचाऱ्याच्या घरी दसरा नसतो.

आमच्या घरी असतो. माझ्या रायफलला दर दसऱ्याला कुंकू लागतं. कोरडं, चिमूटभर, लाकडावर. पुसायला मी चार दिवस थांबत नाही. कधीतरी ही चकतीही पुरणार नाही, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी यंदा मोतीबिंदू हा शब्द उच्चारला आहे, अजून लांब आहे म्हणाल्या. ज्या दिवशी माशी दिसायची थांबेल त्या दिवशी मी स्वतः चालत जाऊन स्कोरिंगच्या खुर्चीत बसेन. पण तो दिवस मी ठरवीन. खांद्यावर हात ठेवून दुसऱ्या कुणी ठरवायचा नाही.

आज सकाळी मॅगपायने कानाला वारा घातला तेव्हा मी गमट्रीखाली उभी राहिले. घरटं कुठे आहे ते मला बघायचं होतं. मी चष्मा काढला, तर्जनी दुमडली आणि डोळ्याला लावली. फांद्यांमध्ये काटक्यांचा ढीग दिसला आणि त्यातून वर आलेली दोन उघडी तोंडं. मागून आमच्याच गल्लीतला एक भला मुलगा छत्री घेऊन धावत आला. "आँटी, इकडून नका जाऊ. तिकडच्या बाजूने चला, मी नेतो तुम्हाला."

मी बोट काढलं नाही.

"दिसतंय मला," म्हटलं, आणि झाडाखालूनच गेले.